घडीव पात्याला लाकडी मूठ: लाकूड निवडण्यापासून तेलाच्या शेवटच्या हातापर्यंत

होळीपासून आखाजीपर्यंतचा (अक्षय्य तृतीयेपर्यंतचा) साधारण दीड महिना हे खानदेशात मूठ बसवण्याचे खरे दिवस आहेत. चैत्रात पारा चाळिशीच्या पुढे सरकतो, वैशाखात भुसावळ-जळगावकडे तो पंचेचाळीसलाही टेकतो, आणि वर्षभर लाकडात मुरलेली ओल या काळात सर्वांत खालच्या पातळीला येते. अशा कोरड्या लाकडाची मूठ करून तिच्या तोंडाला धातूचे कडे घट्ट बसवले, तर पावसाळ्यात लाकूड फुगते तेव्हा कडे त्याला बाहेर सरकू देत नाही आणि ते आतल्या पोलादाला अधिकच आवळते. हेच काम श्रावणात केले तर सगळे उलटे घडते. ओलीने फुगलेल्या लाकडावर बसवलेले कडे पुढच्या चैत्रात सैल होऊन हातात येते, आणि आकसणाऱ्या लाकडाच्या पोटात न आकसणारे पोलाद असल्यामुळे मूठ तोंडाजवळ तडकते.

मूठ हलू लागली की दोष बहुधा चिकटवणाऱ्या पदार्थाला दिला जातो. माझ्या अनुभवात दोष जवळजवळ नेहमी ओल्या लाकडाचा, ढिल्या भोकाचा किंवा नसलेल्या कड्याचा असतो. भरण, मग ते लाखेचे असो की एपॉक्सीचे (दोन नळ्यांतले पदार्थ मिसळले की घट्ट होणारे चिकटद्रव्य), फक्त उरलेली फट भरण्यासाठी असते आणि पाते धरून ठेवण्याचे काम लाकडानेच करायचे असते. या लेखातील प्रत्येक पायरी याच समजुतीवर उभी आहे.

उदाहरणासाठी मी सहा इंची सुरी घेतली आहे. ती ट्रकच्या कमानपाट्यापासून लोहाराने घडवलेली असून पाठीकडे साडेतीन-चार मिमी जाड आहे. पात्याचा जो निमुळता भाग मुठीत शिरतो त्याला या लेखात शेपटी म्हटले आहे, आणि रुंद पाते संपून शेपटी जिथे सुरू होते त्या दोन कोपऱ्यांना खांदे. विळा, खुरपे आणि लहान कोयता यांनाही हीच रीत लागू पडते. कुऱ्हाड आणि कुदळ यांची गोष्ट मात्र वेगळी आहे, कारण तिथे लाकूड लोखंडाच्या आत असते आणि आकसले की लगेच सैल होते.

आधी पाते पाहावे

लाकडाला हात लावण्यापूर्वी शेपटी नीट तपासावी, कारण मुठीचे निम्मे यश तिथेच ठरते. बारा सेंमीच्या मुठीसाठी शेपटी किमान आठ-नऊ सेंमी लांब हवी. खांद्यापाशी ती दहा मिमी रुंद आणि चार मिमी जाड, तर टोकाला पाच मिमी रुंद आणि तीन मिमी जाड असावी. उतार दोन्ही बाजूंनी सारखा आणि सरळ हवा. शेपटी मध्येच फुगलेली असेल तर भोक त्या फुगवट्याएवढे करावे लागते आणि पुढे तोंडाशी फट राहते. पाते टोकाकडून एका डोळ्याने न्याहाळले की शेपटी पात्याच्या रेषेत आहे की तिरकी गेली आहे ते लगेच दिसते. तिरकी असेल तर ती सरळ करण्याचे काम लोहाराच्या ऐरणीवरच व्हावे.

शेपटी आणि खांदा यांच्यामधला आतला कोपरा काटकोनात कापलेला असेल तर तिथे गोल कानस फिरवून लहानशी गोलाई आणावी. पाते मोडते ते बहुतेक वेळा याच कोपऱ्यातून, कारण मुठीवर येणारा सगळा ताण तिथे एकवटतो. शेपटी नरम असणेही तितकेच महत्त्वाचे आहे. तिच्यावर कानस चालवून पाहावी. कानस चावत असेल तर शेपटी नरम आहे. ती घसरत असेल तर शेपटीलाही धारेइतकेच कडक पाणी दिले गेले आहे, म्हणजे तापवून एकदम निववून ती कडक केली गेली आहे, आणि पहिल्याच जोराच्या घावात ती काचेसारखी तुटू शकते. अशी शेपटी लोहाराकडून तेवढ्यापुरती तापवून सावकाश निववून घ्यावी.

खांदे एका पातळीत आणून ठेवावेत. सपाट काचेच्या तुकड्यावर ते टेकवून पाहता येत नाहीत, कारण मध्ये शेपटी येते. म्हणून दोन मिमी जाडीच्या लोखंडी पट्टीला शेपटीएवढी खाच पाडून ती वरून सरकवावी आणि उजेडाकडे धरून पाहावे. ज्या बाजूने उजेड दिसतो त्याच्या समोरच्या खांद्यावर कानस फिरवावी.

एवढे झाले की धारेवर जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून वरून सुतळी बांधावी. पात्याला शेवटची धार मूठ पूर्ण झाल्यावरच लावायची आहे. धारदार पात्यावर मूठ बसवताना होणाऱ्या जखमा खोल असतात, आणि त्या टाळण्यासाठी एवढा संयम पुरतो.

लाकूड

खानदेशातल्या शेतकऱ्याच्या हाताशी सर्वांत जवळचे लाकूड म्हणजे बांधावरची बाभूळ. ती चिवट असते, घाव सोसते आणि घामाने लवकर खराब होत नाही. तिचा फक्त आतला तांबूस गाभा घ्यावा, कारण सालीलगतच्या फिकट लाकडाला भुंगेरे लागतात आणि वर्षभरात मूठ पिठासारखी गळू लागते. शिसवाचे लाकूड मुठीसाठी मला सर्वांत आवडते. ते घट्ट असते, स्थिर राहते, आणि हाताखाली त्याला एक मऊ थंडावा असतो. सागावर काम करणे सोपे जाते व हवामान बदलले तरी तो फारसा हलत नाही, पण तो तेलकट असल्यामुळे चिकटवण्याआधी थिनरच्या बोळ्याने पुसून घ्यावा लागतो. धावडा लवचीक आहे, म्हणून कुऱ्हाडीच्या दांड्याला त्याच्यासारखे लाकूड नाही. सुरीच्या मुठीला मात्र त्या लवचीकपणाचा उपयोग होत नाही. सातपुड्याच्या पायथ्याकडचे अंजन हे देशातल्या सर्वांत जड आणि कठीण लाकडांपैकी एक आहे. ते पाण्यात बुडते, करवतीचे दात बोथट करते, आणि नवशिक्याने पहिल्याच मुठीसाठी ते घेतले तर पुढची मूठ करण्याचा उत्साह उरत नाही.

साग, खैर, अंजन, चिंच ही झाडे राज्याच्या १९६४ च्या झाडतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे स्वतःच्या शेतातले झाड असले तरी परवानगीशिवाय ते तोडता येत नाही. मुठीला लागणारा तुकडा वीतभर असतो आणि त्यासाठी झाड तोडण्याची गरजही नसते. पाडलेल्या वाड्याची चौकट, मोडक्या बैलगाडीचे आरे, जुन्या पाभरीचा दांडा यांतून मिळणारे लाकूड तीस-चाळीस उन्हाळे पाहिलेले असते. गाडीचा आरा तर मुठीसाठी जणू घडवूनच ठेवलेला असतो: रेषा सरळ, गाठ नाही, आणि आकसायचे तेवढे आकसून झालेले. आऱ्यात जुना खिळा अडकला आहे का, हे चुंबक फिरवून आधी पाहून घ्यावे.

ताजे लाकूडच वापरायचे असेल तर घाई करू नये. इंचभर जाडीला एक वर्ष हा सुतारांचा जुना अंदाज आहे आणि तो बरोबर आहे. लाकूड गाभ्यातून उभे चिरून, साल काढून, दोन्ही टोकांना मेण किंवा जुना ऑइल पेंट लावून सावलीत वाऱ्यावर ठेवावे, कारण टोकांतून ओल झपाट्याने गेली की तिथूनच भेगा पडतात. लाकूड वाळले की नाही हे पाहण्याची खात्रीची पद्धत वजन करण्याची आहे. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तुकडा दर आठवड्याला तोलावा आणि वजन खडूने त्यावरच लिहावे. लागोपाठ तीन आठवडे वजन तेच भरले म्हणजे लाकूड आजूबाजूच्या हवेइतके कोरडे झाले.

माझी पहिली मूठ ओल्या बाभळीची होती. बांधावरची फांदी सकाळी तोडली, दुपारी शेपटी तापवून तिच्यात ठोकली आणि संध्याकाळी सुरी वापरायला काढली. हिवाळाभर ती दगडासारखी घट्ट होती आणि मला माझ्या कामाचा अभिमान वाटत होता. चैत्रात केळीची वाळलेली पाने काढत असताना ती मूठ तोंडापासून दोन इंच उभी चिरली, पाते हातात फिरले आणि डाव्या अंगठ्याच्या मुळाशी खोल गेले. त्या चिरेकडे मी नंतर पुष्कळ वेळ पाहिले. लाकूड आपल्या रेषांच्या दिशेने जवळजवळ मुळीच आकसत नाही, पण आडवे मात्र ओल्यापासून पूर्ण कोरडे होईपर्यंत बहुतेक जातींत पाच ते दहा टक्के आकसते. वीस मिमी जाडीची मूठ म्हणजे एक ते दोन मिमी लहान होणार, आणि तिच्या पोटातली शेपटी आहे तेवढीच राहणार. मग चीर जाणे अटळच होते.

हाताचे माप

आमच्या भागातल्या एका वयस्कर लोहाराकडे मी पाते घेऊन गेलो की ते पाते बाजूला ठेवून म्हणायचे, "पह्यले हात दखाड, मंग पातं." माझा तळहात उलटा करून ते चार बोटांची रुंदी आपल्या बोटांनी मोजायचे आणि मगच लाकडावर खूण करायचे. ही सवय प्रत्येकाने उचलावी. चार बोटांची रुंदी आणि वर दोन बोटे एवढी मुठीची लांबी बहुतेक हातांना पुरते. पुरुषाच्या मध्यम हाताला ती साधारण बारा सेंमी येते. आईसाठी, बहिणीसाठी किंवा खुरपणीला जाणाऱ्या बायकांसाठी मूठ करत असाल तर माप त्यांच्याच हाताचे घ्यावे. बाजारातल्या बहुतेक मुठी पुरुषी हाताच्या मापाने केलेल्या असतात. खुरपणीचे काम मात्र मुख्यतः बायकांचे असते, आणि दिवसभर जाड मूठ आवळून त्यांची बोटे संध्याकाळी उघडत नाहीत.

घेर ठरवण्यासाठी भिजवून मळलेल्या चिकणमातीचा लोळा हातात धरून काम करताना आवळतो तसा आवळावा आणि तसाच वाळू द्यावा. बोटांचे ठसे, तळव्याचा फुगवटा आणि अंगठा टेकण्याची जागा त्यात उमटते. मूठ त्या ठशांप्रमाणे खाचा पाडून करायची नाही, कारण खाचांची मूठ एकाच प्रकारे धरता येते आणि काम करताना पकड सारखी बदलावी लागते. लोळ्याचा घेर कुठे जास्त आणि कुठे कमी आहे तेवढेच त्यावरून पाहावे. सहसा मध्यावर उंची तीस मिमी आणि जाडी बावीस मिमी ठीक वाटते. छेद गोल नको, अंडाकृती हवा, म्हणजे न पाहताही धार कोणत्या बाजूला आहे ते हाताला कळते.

भोक

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्यावा. लाकडाचा तेरा सेंमी लांब, पस्तीस मिमी उंच आणि पंचवीस मिमी जाड असा चौकोनी ठोकळा करावा आणि तो गोल करण्याआधीच त्याला भोक पाडावे. ठोकळा चौकोनी असतो तोपर्यंत त्याच्या बाजू शिकंजात सरळ धरता येतात आणि भोक वाकडे गेले तर कळते. शिवाय भोक किंचित तिरके गेलेच, तर बाहेरचा आकार त्याच्या अंदाजाने सरकवून चूक झाकता येते. आधी मूठ घडवून मग भोक पाडणाऱ्याला ही सवड राहत नाही.

ठोकळ्याच्या चारही बाजूंवर आणि तोंडावर मध्यरेषा आखावी. शेपटी ठोकळ्याच्या बाजूवर ठेवून तिचा आकार पेन्सिलीने उतरवून घ्यावा, म्हणजे किती खोल आणि किती रुंद जायचे ते समोर दिसते. शेपटीची सर्वांत मोठी रुंदी ठोकळ्याच्या उंचीच्या दिशेत येईल असे पाहावे. मधले भोक लांब दांड्याच्या चार मिमीच्या ड्रिल बिटाने शेपटीच्या लांबीपेक्षा तीन-चार मिमी कमी खोल पाडावे. त्याच्या वर आणि खाली, उंचीच्या रेषेत, साडेतीन मिमीची दोन भोके फक्त चाळीस मिमी खोल घ्यावीत, कारण शेपटी पुढे निमुळती होते. लांब बिट नसेल तर सायकलच्या जाड स्पोकचे टोक ऐरणीवर चपटे करून कानसेने धारदार केले तरी काम होते. फक्त दर सेंटीमीटरला तो बाहेर काढून भुसा झटकावा, नाहीतर तो आत अडकून तुटतो.

तीन भोकांमधल्या लाकडी भिंती काढण्यासाठी हॅक्सॉचे तुटलेले पाते सहाणेवर किंवा ग्राइंडरवर अरुंद घासून घ्यावे. त्याचे दात ओढताना कापतील असे धरले तर भोकाचे तोंड फाटत नाही. आता शेपटी आत सरकवावी. ती साधारण दोन तृतीयांश आत जाऊन अडली पाहिजे. सहज खांद्यापर्यंत गेली तर भोक मोठे झाले आहे आणि तो ठोकळा बाजूला ठेवून दुसरा घेणेच शहाणपणाचे आहे.

पुढचा भाग शेपटी तापवून बसवण्याचा आहे आणि तो आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या होत आला आहे, पण त्यात दोन चुका सर्रास होतात. पहिली चूक म्हणजे शेपटी तापवताना पात्याचे पाणी उतरू देणे. कमानपाट्याच्या सुरीला साधारण २०० ते २३० अंश सेल्सिअसपर्यंत परत तापवून जो फिकट पिवळा ते गवती रंग आणलेला असतो, तो ओलांडून पात्यावर निळा रंग दिसू लागला म्हणजे तापमान ३०० अंशांच्या आसपास गेले आणि धार मऊ झाली. म्हणून पाते खांद्यापर्यंत चिंब ओल्या गोणपाटात गुंडाळावे, फक्त शेपटीचा पुढचा निम्मा भाग विस्तवावर धरावा आणि खांद्याजवळच्या उघड्या पोलादावर नजर ठेवावी. तिथे पिवळा रंग सरकताना दिसला की लगेच थांबावे. दुसरी चूक म्हणजे तापलेली शेपटी एकाच वेळी खांद्यापर्यंत दाबणे. त्याने भोकाच्या भिंतीवर कोळशाचा जाड थर तयार होतो, आणि कोळसा दोन महिन्यांत भुकटी होऊन निघून गेला की मूठ खुळखुळू लागते.

योग्य रीत सावकाश आहे. शेपटी गडद लाल झाली की ती भोकात सरळ दाबावी, मनात तीन मोजावे आणि बाहेर काढून पाण्यात बुडवावी. ठोकळा उलटा करून आपटावा, हॅक्सॉच्या पात्याने आतला कोळसा खरवडून काढावा आणि पुन्हा तापवावे. दर वेळी शेपटी एकाच बाजूने आत गेली पाहिजे, म्हणून ठोकळ्याच्या वरच्या अंगाला आणि पात्याच्या पाठीला खडूची खूण करून ठेवावी. चार-पाच वेळा असे केल्यावर खांदा आणि ठोकळा यांच्यात पाच मिमी अंतर उरले की तापवणे बंद करावे. हे शेवटचे पाच मिमी थंड शेपटीनेच जायला हवेत.

त्यासाठी रॉकेलच्या चिमणीवर शेपटी धरून तिच्यावर काजळी चढवावी आणि ती भोकात हलके सरकवून बाहेर काढावी. भोकात डोकावले की जिथे शेपटी घासते तिथेच काळे डाग दिसतात. तेवढेच लाकूड पटाशीच्या कोपऱ्याने किंवा हॅक्सॉच्या पात्याने खरवडावे आणि पुन्हा काजळी धरावी. सुरुवातीला डाग दोन-तीनच असतात. आठ-दहा वेळा झाल्यावर ते वाढत जातात आणि शेवटी सगळी भिंत सारखी काळसर दिसू लागते. तेव्हा शेपटीला लाकडाचा आधार तोंडापासून टोकापर्यंत मिळाला आहे असे समजावे. या कामाला मला अजूनही तास-दीड तास लागतो आणि तो वाचवावा असे कधी वाटत नाही.

कडे

कड्यासाठी एसी-फ्रिज दुरुस्तीच्या दुकानातला तांब्याच्या नळीचा तुकडा, पितळी पाइप किंवा साधा लोखंडी पाइप चालतो. आतला व्यास बावीस मिमीच्या आसपास, भिंत सव्वा ते दीड मिमी आणि लांबी अठरा-वीस मिमी असावी. पाइप करवतीने कापून दोन्ही कडा कानसेने सपाट कराव्यात आणि आतली धार काढून टाकावी, नाहीतर ती लाकूड खरवडत जाते व कडे सैल बसते. शिकंजात लाकडी गुटका आत घालून हलके दाबले तर गोल कडे अंडाकृती होते आणि मुठीच्या छेदाशी जुळते.

बैलगाडीच्या चाकावर धाव (चाकाभोवतीची लोखंडी पट्टी) तापवून चढवतात, म्हणून कडेही तापवून घट्ट बसेल असे पुष्कळांना वाटते. सव्वा मीटर व्यासाची धाव ५०० अंशांनी तापली तर तिचा व्यास सात-साडेसात मिमीने वाढतो, म्हणून ती चाकाला आवळते. बावीस मिमीचे लोखंडी कडे २०० अंशांनी तापले तर जेमतेम ०.०५ मिमी वाढते. एवढ्या वाढीचा काहीच उपयोग नाही आणि लाकूड मात्र करपते. इथे घट्टपणा सुरीनेच कोरून आणावा लागतो. ठोकळ्याच्या तोंडावर कडे ठेवून त्याच्या आतल्या कडेने पेन्सिल फिरवावी आणि रेषेच्या बाहेर अर्धा मिमी ठेवून लाकूड कोरावे. बैठकीचा पुढचा भाग किंचित निमुळता असला की कडे सुरू होते, आणि पुढे लाकडी गुटका मध्ये ठेवून हातोडीने ठोकत गेले की ते लाकडाचे पातळ सालपट काढत आत सरकते. असे सालपट निघणे हीच घट्टपणाची खूण आहे. लाकूड कड्याच्या तोंडाबाहेर मिमीभर येईपर्यंत ठोकावे आणि मग ते कड्याशी सपाट घासून घ्यावे.

सैल कुदळ किंवा विळा वापरण्याआधी रात्रभर पाण्यात ठेवण्याची पद्धत गावोगावी आहे. त्या दिवसापुरती मूठ घट्ट होते हे खरे, पण फुगलेले लाकूड लोखंडावर दाबून आतल्या तंतूंचा चुरा होतो आणि वाळल्यावर मूठ पूर्वीपेक्षा जास्त सैल होते. एकदा ही सवय लागली की मूठ वाचत नाही.

आकार आणि भरण

कडे बसल्यावर ठोकळ्याचे कोपरे आधी करवतीने आणि मग वाकसाने किंवा रंध्याने उतरवावेत, म्हणजे चौकोनाचा अष्टकोन होतो. अष्टकोनाचे कोपरे खरखरीत कानसेने मोडले की अंडाकृती मिळते. मुठीचे मागचे टोक खाली थोडे रुंद ठेवावे. करंगळीला तो अडथळा मिळाला तर घामाने ओला झालेला हातही मागे सरकत नाही. दर दोन-चार मिनिटांनी पाते सरकवून मूठ हातात धरून पाहावी आणि डोळे मिटून तळव्याला काही टोचते का ते तपासावे. शिसवाचा बारीक भुसा काहींना नाकात आणि त्वचेवर झोंबतो, म्हणून तोंडावर रुमाल बांधलेला बरा.

आता भरण. जुनी पद्धत लाखेची आहे. आपल्याकडच्या तलवारींच्या मुठीही लाखेच्या भरणानेच बसवल्या जात. दोन भाग लाख, एक भाग राळ आणि एक भाग वस्त्रगाळ विटेचा भुगा मंद आचेवर एकजीव करून गरम असतानाच भोकात ओतावा आणि हाताला चटका बसेल इतकीच गरम केलेली शेपटी त्यात दाबावी. मूठ पुढे कधी बदलायची झाली तर पाते गरम करून ती काढता येते, हा लाखेचा मोठा गुण आहे. मात्र लाख सत्तर-ऐंशी अंशांच्या आसपास मऊ पडते. मे महिन्यात ट्रॅक्टरच्या बॉनेटवर किंवा पत्र्यावर दुपारभर ठेवलेली सुरी त्या तापमानाच्या जवळ जाते, त्यामुळे शेतात वापरायच्या हत्यारासाठी मी एपॉक्सी निवडतो.

एपॉक्सी पाच मिनिटांत घट्ट होणारे नको, सावकाश घट्ट होणारे घ्यावे. शेपटीच्या कडांना छिन्नीने चार-पाच लहान खाचा पाडाव्यात आणि शेपटी, भोक दोन्ही थिनरने पुसून कोरडे होऊ द्यावे. दोन्ही नळ्यांतले प्रमाण पाकिटावर सांगितले असेल तसेच ठेवून मिश्रण पूर्ण दोन मिनिटे ढवळावे, बांबूच्या काडीने भोकाच्या तळापासून वर भरत यावे म्हणजे हवा अडकत नाही, आणि मगच शेपटी सरकवावी. मूठ हातात धरून पाते खाली लोंबते ठेवावे आणि मुठीच्या मागच्या टोकावर लाकडी हातोड्याने सरळ ठोके द्यावेत. पात्याच्या स्वतःच्या जडपणामुळे शेपटी आत ओढली जाते आणि पात्याच्या टोकावर ठोकण्याची वेळच येत नाही. सुरुवातीचे ठोके पोकळ, ठप्प असे येतात. खांदा कड्यावर टेकला की आवाज एकदम भरीव होतो आणि हातालाही तो कळतो. तिथे थांबावे. उजेडाकडे धरून खांदा व कडे यांच्यात फट दिसत नाही याची खात्री करावी, बाहेर आलेले एपॉक्सी थिनरच्या बोळ्याने लगेच पुसावे आणि पाते वर करून सुरी चोवीस तास हलवू नये.

पाते मुठीच्या आकारापर्यंत पूर्ण रुंद ठेवले असेल, तर दोन बाजूंना दोन फळ्या लावून रिव्हेट मारण्याची रीत वापरावी लागते. तिच्यात लक्षात ठेवण्यासारखे थोडेच आहे. पोलादातली भोके पाणी देण्याआधीच पाडलेली असावीत. फळ्यांची पात्याकडची टोके चिकटवण्याआधीच घासून गुळगुळीत करावीत, कारण नंतर तिथे पॉलिश पेपर फिरवला तर पात्यावर ओरखडे पडतात. पाच मिमी पितळी सळीचे तुकडे फळ्यांच्या बाहेर दीड मिमी ठेवून, भोकांची तोंडे थोडी रुंद करून, हलक्या हातोडीने पुष्कळ ठोक्यांनी पसरवावेत. जोराच्या दोन ठोक्यांत काम उरकले तर फळी भोकातून चिरते.

घासणे आणि तेल

पॉलिश पेपर ८० नंबरपासून सुरू करून १२०, २२० आणि ३२० असा रेषांच्या दिशेनेच फिरवावा. २२० नंतर ओले फडके मुठीवरून फिरवून ती वाळू द्यावी. दबलेले तंतू उभे राहतात आणि मूठ पुन्हा खरखरीत लागते. ते ३२० ने घासून काढले की पुढे घामाने ती खरखरीत होत नाही. व्हार्निश लावू नये. ते निसरडे असते, आणि पापुद्रे सुटले की तळव्याला फोड आणते.

मुठीला तेल जवसाचेच हवे, कारण ते हवेत सुकून लाकडात घट्ट होते. शेंगदाण्याचे तेल कधीच सुकत नाही, ते चिकट राहते आणि खवट होते. कच्च्या जवसाच्या तेलाला सुकायला आठवडे लागतात. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे डबल बॉइल्ड तेल एक-दोन दिवसांत सुकते, मात्र त्यात सुकवणारी धातूची द्रव्ये मिसळलेली असतात, म्हणून स्वयंपाकघरातल्या सुरीसाठी मी कच्चेच तेल घेऊन धीर धरतो. तेल लावून अर्ध्या तासाने उरलेले पुसून काढावे. असे चार-पाच हात सुकवून झाले की शेवटी थोडे मधमाशीचे मेण चोळावे.

तेलाच्या बोळ्यांबाबत फार सावध राहावे. जवसाचे तेल सुकताना उष्णता सोडते, आणि चुरगळून टाकलेल्या फडक्यात ती साठून फडके आपोआप पेट घेऊ शकते. आपल्याकडे चांगल्या दराची वाट पाहत कापूस घरातच रचून ठेवलेला असतो. असा बोळा त्या खोलीत किंवा खळ्याजवळ कधीही टाकू नये. तो पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवावा, किंवा दोरीवर एकेरी पसरून पूर्ण कडक होऊ द्यावा आणि मगच फेकावा.

पहिल्या पावसाळ्यानंतर दिवाळीच्या सुमारास मूठ एकदा तपासावी. कडे अंगठ्याने फिरवून पाहावे. ते किंचित हलत असेल तर लाकडी गुटका ठेवून मागे ठोकावे, आणि तरीही हलत राहिले तर कड्याच्या दोन बाजूंना अणकुचीदार टोकाच्या पंचाने प्रत्येकी एक खूण मारावी, म्हणजे धातू आत दबून लाकडात रुततो. मग आणखी एक हात तेल लावून सुरी आडवी टांगून ठेवावी.